मुंबई ते लंडन : वीतभर दोरा

मुंबईहून लंडन किती लांब आहे, असे कोणी विचारले तर त्याचे उत्तर एकच असणार असे आपल्याला वाटते. पण एकदा विचारून पाहा. आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या गृहस्थांची मुलगी तिकडे असते. ते म्हणतात, "दहा तास." त्यांच्या सौभाग्यवती म्हणतात, "एक रात्र हो, डोळा लागला की आलेच." तिसऱ्या मजल्यावरचा बँकेतला तरुण खिशातून फोन काढतो आणि त्याच्याकडे पाहतच "सात हजार दोनशे किलोमीटर" असे सांगतो. एखादा वैमानिक भेटला तर तो तीन हजार आठशे नव्वद म्हणेल, आणि तेही बरोबरच असेल, कारण वैमानिक अजून सागरी मैलांत मोजतात. आमच्या आईचे उत्तर मात्र या साऱ्यांहून निराळे होते. ती म्हणे, "पत्र जायला आठ दिवस आणि यायला आठ दिवस."

मी जन्मभर शाळेत भूगोल शिकविला, म्हणून या प्रश्नाची मला थोडी खोड आहे. नववीच्या वर्गात दर वर्षी माझा एक तास ठरलेला असे. भिंतीवर जगाचा नकाशा टांगायचा, टेबलावर पृथ्वीचा गोल ठेवायचा, आणि एखाद्या हुशार मुलाला बोलावून सांगायचे, "मुंबईहून लंडनला सरळ जाऊन दाखव." मुलगा पट्टी घेऊन ऐटीत नकाशापाशी जाई. त्याची पट्टी इराणच्या आखातावरून, इराकवरून, तुर्कस्तानावरून आणि बाल्कन देशांवरून लंडनला पोहोचे. वर्ग खूष होई. मग मी सौ.च्या शिवणाच्या डब्यातून आणलेला दोरा काढी. त्याचे एक टोक गोलावरच्या मुंबईवर, दुसरे लंडनवर, आणि मधला दोरा ताणून धरायचा. दोऱ्याला भूगोल शिकवावा लागत नाही. ताण दिला की तो आपणहून सर्वांत जवळची वाट धरतो, आणि ती वाट पट्टीच्या वाटेहून पुष्कळच उत्तरेकडून जाते.

ही वाट एकदा नीट पाहण्यासारखी आहे. दोरा मुंबईहून वायव्येला निघतो. कराचीला किंचित डावीकडून हुलकावणी देऊन तो बलुचिस्तानात शिरतो, इराण आणि अफगाणिस्तान यांच्या सीमेला घासून जातो, इराण तिरका कापून कॅस्पियन समुद्राचा नैर्ऋत्य कोपरा गाठतो. पुढे कॉकेशसचे डोंगर, काळा समुद्र, क्रिमिया, ओडेसाचा परिसर. मग पोलंडचा दक्षिण भाग, जर्मनी, बेल्जियम आणि एवढासा समुद्र ओलांडून लंडन. कैरो, रोम, जिनिव्हा ही नावे आपण लंडनच्या वाटेवरची म्हणून ऐकत आलो. ती सगळी या दोऱ्याच्या डाव्या अंगाला दूर राहतात. नकाशा खोटे बोलतो असे मी मुलांना सांगे. आता वाटते, खोटे नाही बोलत बिचारा. संत्र्याची साल पाटावर सपाट बसवायची म्हटल्यावर ती कुठेतरी ताणली जाणारच.

शाळेतला गोल फूटभर व्यासाचा होता. त्यावर हा दोरा जेमतेम सतरा सेंटिमीटर भरे. एक वीत, तीही लहान मुलाची. पृथ्वीच्या मध्यातून पाहिले तर मुंबई आणि लंडन यांच्यामध्ये सुमारे पासष्ट अंशांचा कोन होतो. एका अंशाच्या साठ कला, आणि एका कलेचा एक सागरी मैल. पासष्ट गुणिले साठ केले की वैमानिकाचा आकडा जवळजवळ हाती येतो. सागरी मैल हा जुनाट वाटतो. पण तो पृथ्वीच्या अंगावरच मोजलेला आहे, म्हणून अजून टिकून आहे.

आता अंतर ठरले, तर वेळही ठरावी. विमान ताशी ९०० किलोमीटर जाते, म्हणजे आठ तास. वर्गातली मुले हा भागाकार चटकन करीत. पण कोणतेही वेळापत्रक उघडा. जाताना दहा तासांच्या आसपास आणि येताना नऊच्या आसपास असेच आढळेल. जाणे आणि येणे यांत हा फरक का? आमच्या ओळखीचे एक निवृत्त ओव्हरसिअर आहेत. त्यांचे म्हणणे असे की पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, तेव्हा विमान वर गेले की लंडन आपणहून त्याच्याकडे सरकत यायला हवे; जाताना वेळ कमी लागायला हवा. मी त्यांना म्हटले, "अहो, मग विमानात बसायचे कशाला? उडी मारून हवेत थांबा म्हणजे झाले." पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते, हे त्यांना पटले, पण मी त्यांची थट्टा केली हे काही पटले नाही, आणि महिनाभर ते माझ्याशी बोलले नाहीत.

खरे कारण वाऱ्याचे आहे. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे आहेत. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर जातो. हे वारे एखाद्या नदीसारखे अरुंद आणि वळणावळणाचे असतात. लंडनला जाणारे विमान या नदीच्या उलट पोहते आणि येणारे तिच्या ओघात स्वतःला सोडून देते. शिवाय दोऱ्यावर गणित करणारा माणूस आणखी काही गोष्टी विसरतो. विमानाला धावपट्टीच्या टोकापर्यंत जायला वेळ लागतो, वर चढायला लागतो. लंडनला पोहोचल्यावर हीथ्रोच्या भोवती चार ठिकाणी विमाने आकाशात एकावर एक थरांनी घिरट्या घालीत आपल्या पाळीची वाट पाहतात. शिधावाटपाच्या दुकानासमोर रांगेत उभे राहिलेल्या आमच्या पिढीला हे दृश्य ओळखीचे वाटावे.

आणि प्रवास म्हणजे काय नुसते विमान? २०१९ च्या मे महिन्यात मी लंडनला गेलो तेव्हा हिशेब ठेवला होता. ठाण्याच्या घराचा उंबरठा ओलांडला रात्री दोन वाजता. विमान उडाले सकाळी सातला. लंडनला उतरलो तेव्हा मनगटावर संध्याकाळचे पाच वीस झाले होते आणि तिथल्या भिंतीवर दुपारचे बारा पन्नास. पासपोर्टाची रांग, सामानाचा फिरता पट्टा, पुतण्याची मोटार, रस्त्यावरची गर्दी हे सारे पार करून जिथे जायचे होते तिथे पोहोचलो तेव्हा तिथले चार वाजले होते. म्हणजे दहा तासांचा प्रवास साडेअठरा तासांचा झाला. हवेतले तास वेळापत्रकात असतात, उरलेले ज्याचे त्याने भोगायचे असतात.

घड्याळावरून आठवले. आपले घड्याळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. उन्हाळ्यात इंग्रज आपले काटे एक तास पुढे ढकलतात, म्हणून तेव्हा फरक साडेचारचा. मार्चच्या शेवटच्या रविवारी हे सुरू होते आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी संपते. मात्र हिवाळ्यात एक गंमत करता येते. काट्यांचे घड्याळ हातातून काढा आणि खालची बाजू वर करून उलटे धरा. जे वाजल्यासारखे दिसेल ती लंडनची वेळ! लहान काटा अर्ध्या तासाने थोडा फसवतो, पण अंदाजाला पुरते. आईला ही युक्ती मीच शिकविली होती. भिंतीवरचे घड्याळ तिला उलटे करता येत नसे, म्हणून ती स्वतःच मान वाकडी करून पाही आणि म्हणे, "आता उठला असेल." मुंबईचा स्वतःचा असा निराळा वेळ होता, ही गोष्टही आता फार थोड्यांना ठाऊक असेल. हिंदुस्थानचा प्रमाण वेळ १९०६ साली सुरू झाला तरी मुंबईने आपला एकोणचाळीस मिनिटे मागचा वेळ हट्टाने १९५५ पर्यंत चालू ठेवला होता.

जुन्या काळी हा वीतभर दोरा ओलांडायला किती दिवस लागत? १८६९ साली सुवेझचा कालवा उघडण्यापूर्वी आफ्रिकेला वळसा घालून जावे लागे. समुद्रावरचे ते अंतर सुमारे वीस हजार किलोमीटरचे. कालव्याने ते साडेअकरा हजारांच्या आसपास आणले. १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी गांधीजी 'राजपुताना' बोटीने २९ ऑगस्टला मुंबईहून निघाले, ११ सप्टेंबरला मार्सेलिसला उतरले आणि १२ सप्टेंबरला लंडनला पोहोचले. शेवटचा भाग आगगाडीने काटला म्हणून हे पंधरा दिवसांत जमले.

त्याच सुमारास विमानांची चाहूल लागली होती. १९२९ च्या मार्चमध्ये इंपीरियल एअरवेजने लंडन ते कराची असा मार्ग सुरू केला. पण तो प्रवास ऐकला तर हसू येते. लंडनहून बाझेलपर्यंत विमान, तिथून जिनोआपर्यंत आगगाडी, तिथून पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने भूमध्य समुद्र ओलांडून अलेक्झांड्रिया, आणि मग वाळवंटावरून दुसऱ्या विमानाने कराची. एकंदर सात दिवस! कराचीला आलेली टपाल पुढे मुंबईला आणण्यासाठी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा एका छोट्या विमानातून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, आणि तिथून आपल्या नागरी विमानसेवेचा आरंभ झाला.

८ जून १९४८, मंगळवार. स्वातंत्र्याला अजून वर्षही झाले नव्हते. त्या दिवशी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे चार पंख्यांचे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून लंडनला निघाले. वाटेत कैरो आणि जिनिव्हा. भाडे सतराशे वीस रुपये. त्या काळी एवढ्या रकमेत मध्यमवर्गीय कुटुंबाचे वर्ष सुखाने निघे, तेव्हा बसणारे कोण असतील ते सांगायला नको. तरीही जिथे पंधरा दिवस लागत तिथे आता एका दिवसाचे काम झाले. पुढे १९६० साली बोइंग ७०७ ही जेट विमाने आली, १९७१ साली जंबो आले.

इथे मला एक गोष्ट नमूद करावीशी वाटते, कारण ती कोणी सांगत नाही. १९६० चे ते जेट विमान ताशी साधारण नऊशे किलोमीटर जात असे. आजचे विमानही तेवढेच जाते. साठ वर्षांहून अधिक काळात या वाटेवर वेग असा वाढलाच नाही. वाढली ती एका दमात जाण्याची ताकद. मधले थांबे गेले, म्हणून प्रवास आटोपशीर झाला. ध्वनीच्या दुप्पट वेगाचे कॉन्कॉर्ड १९७६ पासून २००३ पर्यंत प्रवासी घेऊन उडाले. पण त्याची धाव मुख्यतः अटलांटिकवर होती, आपल्या वाट्याला ते आले नाही. टेलिफोन कुठल्या कुठे गेला, गणकयंत्र हाताच्या तळव्यात आले, आणि माणसाला उचलून नेणारे यंत्र मात्र आमच्या तरुणपणी जेवढे पळत होते तेवढेच अजून पळते.

या वाटेने घेतलेले बळीही विसरता येत नाहीत. ते 'मलबार प्रिन्सेस' ३ नोव्हेंबर १९५० रोजी जिनिव्हाकडे जाताना आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. अठ्ठेचाळीस माणसे गेली. २४ जानेवारी १९६६ रोजी 'कांचनगंगा' हे बोइंग जवळजवळ त्याच ठिकाणी आदळले. त्यात एकशे सतरा जण गेले, आणि त्यांच्यात डॉ. होमी भाभा होते. तिथली हिमनदी अजून अधूनमधून त्या विमानांचे अवशेष खाली आणून सोडते. २०१२ साली गिर्यारोहकांना त्या बर्फात आपल्या परराष्ट्र खात्याची टपालाची थैली सापडली. आत १९६६ ची वर्तमानपत्रे होती. सेहेचाळीस वर्षे वाटेत राहिलेली टपाल! आईचे आठ दिवस मग किती थोडे वाटतात.

बरे, माझ्या दोऱ्याकडे पुन्हा वळतो. शाळेत शिकवताना मला वाटे की सर्वांत जवळची वाट ही भूमितीची गोष्ट आहे, तिथे कोणाचे काही चालत नाही. पण तो दोरा कोणकोणत्या भूमीवरून जातो ते वर सांगितलेच आहे. बालाकोटनंतर २७ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानने आपले आकाश बंद केले, ते १६ जुलैला पूर्ववत उघडले. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि ओडेसावरचे आकाश नागरी विमानांना बंद झाले. २४ एप्रिल २०२५ रोजी पहलगामच्या हत्याकांडानंतर पाकिस्तानने भारतीय विमानांना पुन्हा बंदी केली, आणि भारतानेही त्यांना तेच उत्तर दिले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये इस्राएल आणि इराण यांचे युद्ध पेटले आणि इराणवरची वाटही काही दिवस बंद पडली. म्हणजे वीतभर दोऱ्यावर इतक्या ठिकाणी कात्री! विमान मग अरबी समुद्रावरून, आखातावरून, जिथे वाट मिळेल तिथून वळसे घेत जाते. समुद्राकाठी असल्याने मुंबईला हा जाच दिल्लीपेक्षा कमी होतो. पण जो कोणाच्या उशाशी पोहोचण्यासाठी निघालेला असतो त्याला अर्धा तासही फार असतो.

२०१९ च्या मे महिन्यात मी तसाच निघालो होतो. माझे थोरले बंधू, आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो, लंडनला सत्तावन्न वर्षे राहिले. ते १९६२ च्या वसंतात गेले. त्या वर्षी १ जुलैपासून कॉमनवेल्थमधून येणाऱ्यांवर ब्रिटन निर्बंध घालणार होते, म्हणून सगळीच घाई. बॅलार्ड पिअरवर इटालियन आगबोट उभी होती. खिशात सरकारने नेऊ दिलेले तीन पौंड, ट्रंकेत आईने दिलेला मेतकुटाचा डबा. मी तेव्हा तेरा वर्षांचा. घरी परत येऊन मी अॅटलास उघडला आणि दादाची बोट आज कुठे असेल ते पाहून रोज तिथे एक गुंजेचा दाणा ठेवू लागलो. एडन, सुवेझ, पोर्ट सैद, नेपल्स, जिनोआ. पंधराव्या दिवशी दाणा लंडनवर ठेवला. माझा भूगोल तिथे सुरू झाला.

पाच वर्षांनी, १९६७ च्या सप्टेंबरात, बाबा पुण्याच्या घरी अचानक गेले. संध्याकाळी साडेपाचला छातीत कळ आली आणि रात्री दहापर्यंत सगळे आटोपलेही होते. आपल्याकडे देह ठेवीत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायकलीवरून तारऑफिसात गेलो आणि दादाला तार केली. दादा आला नाही. तेराव्यालाही नाही. पंधरा-वीस दिवसांनी निळे हवाईपत्र आले, त्यात आईला धीर देणाऱ्या चार ओळी होत्या. थोरले काका पंगतीत सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलले, "साहेबाला रजा मिळाली नसेल." ते वाक्य आमच्या घरात पुढे कित्येक वर्षे राहिले. आई त्यावर कधी काही बोलली नाही. १९७१ च्या हिवाळ्यात दादा पहिल्यांदा आला तेव्हा सांताक्रूझला ती त्याला घ्यायला गेली. त्याने तिच्या पायांवर डोके ठेवले, तिने "वाळलास रे" एवढेच म्हटले, आणि विषय संपला. म्हणजे आम्हाला तसे वाटले.

२०१९ च्या एप्रिलअखेर पुतण्याचा फोन आला. दादाला पक्षाघाताचा झटका आला होता. कराचीचे आकाश बंद असल्यामुळे आमचे विमान मस्कतच्या बाजूने वळसा घालून गेले. समोरच्या पडद्यावर मी ती रेघ डोळे लावून पाहत होतो. चार वाजता रुग्णालयात शिरलो. दादा जागा होता. उजवा हात पांघरुणावर नुसता ठेवलेला. शब्द हळूहळू, एकेक येत होते. त्याने विचारले ते हे :

"किती तास लागले?"

"दहा तास वीस मिनिटं, दादा."

"कराची... बंद ना?"

"हो. मस्कतवरून आलो."

"मग ठीक आहे," तो म्हणाला आणि त्याने डोळे मिटले. वहिनी म्हणाल्या, "भावजी, सकाळपासून घड्याळ बघत होते."

मी तिथे तीन आठवडे होतो. एक दिवस वहिनींनी कपाटातून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. विम्याचा कुठला तरी कागद शोधायचा होता. त्या डब्यात जुने पासपोर्ट होते, महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवाच्या पत्रिका होत्या, आणि तळाशी मी पाठविलेली ती तार होती. मी ती उलटली. मागे पेन्सिलीने, दादाच्या बारीक अक्षरात हिशेब होता. वर तेरा हा आकडा, त्याभोवती वर्तुळ. खाली "बोट, केपवरून" असे लिहून खोडलेले. जूनमधल्या युद्धाने सुवेझचा कालवा बंद झाला होता, तो पुढे आठ वर्षे उघडणार नव्हता. खाली विमानाचे भाडे, त्यातून वजा केलेली शिल्लक. ती फारच थोडी होती, कारण त्याच वर्षी मे महिन्यात आमच्या ताईचे लग्न झाले होते आणि त्याचे पैसे कुठून आले हे घरात सगळ्यांनाच ठाऊक होते. त्याखाली तीन मित्रांची नावे आणि प्रत्येकापुढे पौंडांचे आकडे. खाली बेरीज.

संध्याकाळी मी तो कागद त्याला दाखविला. त्याने बराच वेळ पाहिले.

"अकराव्या दिवशी जमले," तो म्हणाला. "विमानात जागा... चौदाव्या दिवसाची."

"मग लिहिलं का नाहीस? काका काय काय बोलत होते."

"लिहून काय?" मग पुष्कळ वेळाने, "आईला कळले असते, मी कर्ज काढत होतो."

ताईला हे मी लंडनहूनच फोन करून सांगितले. ती आता ऐंशीची आहे. फोनवर ती काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून रोज तिथल्या सकाळी नऊला तिचा फोन येऊ लागला आणि पुतण्या तो दादाच्या कानाशी धरू लागला. थोरले काका जाऊन चाळीस वर्षे झाली. त्यांना कसे सांगणार?

परत येताना विमानाला आठ तास पन्नास मिनिटे लागली. वारा पाठीशी होता.

दादा जुलैच्या अखेरीस गेला. पुतण्याचा फोन पहाटे आला तेव्हा मी सवयीने विचारले, "किती वाजता नेणार?" तो म्हणाला, "काका, इथे तसे नसते. कागदपत्रे, तारीख मिळणे, या सगळ्याला वेळ लागतो. पुढच्या आठवड्यातला गुरुवार मिळाला आहे. अजून नऊ दिवस आहेत, तुम्ही सावकाश या." नऊ दिवस! पुण्यात बाबांना साडेचार तासही थांबता आले नव्हते. माझा व्हिसा अजून चालू होता. ताईने जाईच्या वाळलेल्या फुलांची पुडी आणि आईच्या देव्हाऱ्यातली थोडी अक्षता दिली. मी आणि सौ. दोघेही तिसऱ्या दिवशी निघालो. आकाश उघडून पंधरवडा झाला होता. विमान कराचीच्या अंगानेच गेले. नऊ तास पस्तीस मिनिटे लागली.